स्ट्रोकच्या वॉर्डातल्या सिस्टरला लेखी आदेश द्या : मुंबईच्या रुग्णालयप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतील सरकारी, महापालिका आणि धर्मादाय रुग्णालयांचे अधिष्ठाते, वैद्यकीय अधीक्षक आणि अधिसेविका

विषय : स्ट्रोकच्या रुग्णांसाठी परिचारिकांना स्थायी आदेश, स्थिर नेमणूक आणि डिस्चार्जनंतरच्या पाठपुराव्याचे काम देण्याबाबत

महोदय, महोदया,

मुंबईत स्ट्रोकचा विषय निघाला की चर्चा दोन वेळांपाशी अडते. सीटी स्कॅन किती वाजता झाला आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किती वाजता गेले. झटका आल्यापासून इंजेक्शनपर्यंत साडेचार तासांची मर्यादा खरी आहे आणि ती पाळायलाच हवी. पण बहुतेक रुग्ण ती उलटून गेल्यावरच कॅज्युअल्टीच्या दारात येतात. मेंदूत रक्तस्राव झालेल्याला तर ते इंजेक्शन द्यायचेच नसते. या सगळ्यांच्या वाट्याला पुढचे बहात्तर तास येतात आणि मग तीन महिने. त्या काळात डॉक्टरांचा राउंड खाटेपाशी दहा मिनिटे थांबतो. बाकीचा दिवस आणि अख्खी रात्र सिस्टरची असते.

आम्ही असे रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिका आहोत. मागणी एकच आहे : हे काम ड्युटीवर कोण आहे यावर सोडू नका, सहीशिक्क्याच्या आदेशात आणा. सिस्टरने कोणती तपासणी स्वतःहून करायची, कोणते औषध डॉक्टरांची वाट न पाहता सुरू करायचे आणि कोणता आकडा दिसला की कुणाला फोन करायचा, हे लिहून द्या.

याला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील १९ स्ट्रोक युनिटांत परिचारिकांच्या हाती तीन गोष्टींची लेखी कार्यपद्धती देऊन चाचणी झाली : ताप, साखर आणि गिळणे. निष्कर्ष २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. नव्वद दिवसांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण कार्यपद्धती असलेल्या युनिटांत ४२ टक्के होते, नसलेल्या युनिटांत ५८ टक्के. नवे औषध एकही नव्हते. थर्मामीटर, ग्लुकोमीटर, चमचा, पाण्याचा पेला आणि परवानगी, एवढ्यावर हा फरक पडला. यातल्या पहिल्या चार वस्तू आपल्या वॉर्डात आहेत.

तापापासून सुरुवात करू. स्ट्रोकमध्ये ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरेनहाइट, हाच ताप समजायचा. पहिले ७२ तास दर चार तासांनी तापमान घ्यायचे आणि एवढे भरले की पॅरासिटामॉल द्यायचे. आपल्या वॉर्डात टीपीआर (तापमान, नाडी, श्वास यांची नोंद) सहा तासांनी होतो आणि मे महिन्यात ९९.५ ला कुणी ताप म्हणत नाही. मेंदूचा जो भाग अजून वाचू शकतो त्याला मात्र हा अर्धा अंश महाग पडतो. पॅरासिटामॉल लिहून घ्यायला रेसिडेंटला, म्हणजे निवासी डॉक्टरला, शोधावे लागते, तो कॅज्युअल्टीत अडकलेला असतो आणि दोन-तीन तास तसेच जातात. स्थायी आदेश असेल तर सिस्टर लगेच देईल, आणि गिळण्याची चाचणी झालेली नसेल तर तोंडाने न देता शिरेतून किंवा सपोझिटरीने देईल. आदेशात मार्गही लिहिलेला हवा, कारण घाईत गोळीच दिली जाते.

साखर तर रुग्ण आल्याबरोबर, सीटीला नेण्याआधी बघायची. ती ६० च्या खाली गेली की हातपाय लुळे पडू शकतात, बोलणे अडखळू शकते आणि चित्र हुबेहूब स्ट्रोकचे दिसते. मधुमेहाची गोळी घेऊन न जेवलेल्या माणसाला स्ट्रोक समजून पुढे नेले जाण्याचा धोका बोटाच्या एका थेंबाने टळतो. वरच्या बाजूला १८० ओलांडले की इन्सुलिनचा ठरलेला तक्ता सुरू करायचा. आणि सलाइनबद्दल एक विनंती : सवयीने ‘डीएनएस लावा’ म्हणणे बंद करा. डीएनएस म्हणजे डेक्स्ट्रोज, अर्थात साखर, मिसळलेले सलाइन. साखर कमी नसताना स्ट्रोकच्या रुग्णाला डेक्स्ट्रोज देणे म्हणजे साखर आपणच वाढवणे. साधे नॉर्मल सलाइन लावायचे. डीएनएसची बाटली ट्रॉलीवर पहिली हाताला लागते म्हणून ती लागते, दुसरे कारण नसते.

आता गिळणे. हा भाग लांबणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते.

ताज्या स्ट्रोकच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना नीट गिळता येत नाही. घरी झटका आल्याबरोबर शेजारी पाणी पाजतात, कुणी साखर-पाणी, कुणी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतो. वॉर्डात आल्यावर नातेवाईक थर्मासमधून चहा काढतात. जे फुप्फुसात जाते त्याचा न्यूमोनिया दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभा राहतो, आणि तोवर त्या चहाची आठवण कुणालाच नसते. म्हणून चाचणी होईपर्यंत तोंडाने काही नाही : पाणी नाही, गोळी नाही, तीर्थही नाही. खाटेच्या डोक्याशी मराठी आणि हिंदीत पाटी हवी, वर फुली मारलेल्या पेल्याचे चित्र, कारण रात्री खाटेपाशी बसणारा भाऊ सकाळच्या बहिणीपेक्षा वेगळा असतो.

चाचणी सिस्टरने कशी करायची ते इथे लिहितो, म्हणजे ‘हे तज्ज्ञाचे काम’ हा आक्षेप तपासून पाहता येईल. रुग्ण झोपाळलेला असेल, बसवता येत नसेल, स्वतःची लाळ सांभाळता येत नसेल किंवा आवाज आधीच घोगरा-ओला येत असेल तर चाचणी करायचीच नाही. ‘नापास’ लिहून मोकळे व्हायचे. बाकीच्यांना पाठ सरळ ठेवून नव्वद अंशांत बसवायचे, मान मागे झुकू द्यायची नाही. कवळी नीट बसलेली आहे ना ते बघायचे, तोंड स्वच्छ करायचे. मग एक चमचा, ५ मिलिलिटर पाणी. स्वरयंत्रावर हलके बोट ठेवले की ते वर चढताना जाणवते. गिळल्यावर ‘आ’ म्हणायला लावायचे आणि आवाज ओला झाला का ऐकायचे. असे तीन चमचे. जमले तर पेल्यातून ५० मिलिलिटर, रुग्णाच्या गतीने. खोकला, ठसका, आवाजात गुरगुर, ओठाच्या कोपऱ्यातून पाणी ओघळणे, श्वास लागणे, यांपैकी काहीही दिसले की तिथेच थांबायचे. चोवीस तासांनी पुन्हा, आणि मधे प्रकृती खालावली तर पास झालेल्याचीही पुन्हा.

घशाच्या मागे चमचा लावून उबळ येते का बघणे म्हणजे गिळण्याची चाचणी नव्हे. उबळ येणाऱ्याला गिळता येत नाही आणि न येणारा व्यवस्थित जेवतो, अशी दोन्ही उदाहरणे वॉर्डात असतात.

काहींना फुप्फुसात पाणी जाऊनही खोकला येत नाही. म्हणून चाचणीत पास झालेल्याचे पहिले जेवण सिस्टरच्या नजरेसमोर व्हावे. सर्वांत अवघड पदार्थ कोणते ते नातेवाइकांना सांगून पटत नाही, कारण त्यांना पातळ ते सोपे वाटते. प्रत्यक्षात पाणी आणि चहा हे सगळ्यांत वेगाने घसरतात. त्याहून वाईट म्हणजे घन आणि पातळ एकत्र असलेले : चहात बुडवलेले बिस्कीट, पातळ वरणात सुटा भात, पावाबरोबरची मिसळ. चुरमुरे, चिवडा, शेव यांचे कण गालात पसरतात. घोटलेली मऊ खिचडी, घट्ट दही, कुस्करलेले केळे, घट्ट नाचणीचे सत्त्व यांनी सुरुवात बरी. घास निरोगी बाजूने भरवायचा, जेवणानंतर दुबळ्या बाजूच्या गालात अन्न साचले आहे का ते बघून काढायचे आणि अर्धा तास बसवूनच ठेवायचे. तोंडाची स्वच्छता दिवसातून तीनदा, उपाशी ठेवलेल्याचीही. किंबहुना त्याची आधी, कारण त्याच्या तोंडातले जंतूच लाळेबरोबर खाली जातात.

नापास झालेल्याला रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, लागते. नळी पोटातच आहे याची खात्री प्रत्येक फीडच्या आधी, डोके ३० ते ४५ अंश वर, आधी आणि नंतर २० ते ३० मिलिलिटर पाण्याने नळी धुणे. फसते ते औषधांत : ‘एसआर’, ‘एक्सएल’, ‘रिटार्ड’ लिहिलेल्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या, गोळ्या कुटून नळीतून दिल्या जातात, चोवीस तासांचे औषध एका तासात शरीरात उतरते आणि रक्तदाब कोसळतो. फार्मसीने पर्यायांची यादी वॉर्डात लावली तर हा प्रश्न एका दिवसात सुटेल.

स्पीच थेरपिस्ट ओपीडीच्या वेळेत असतात आणि स्ट्रोक शनिवारी रात्री अकरालाही येतो. चाळणी सिस्टरने लावावी, सखोल तपासणी थेरपिस्टने करावी. यात कुणाचे काम कुणी घेत नाही.

इंजेक्शनचा भाग आता. ते देण्याचा निर्णय डॉक्टरांचा. पण मोजमाप, तयारी आणि पहारा सिस्टरचा. पहिली अडचण वजनाची. गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेजचा डोस किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९०. साठ किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम : त्यातले १० टक्के, म्हणजे ५.४, एका मिनिटात आणि उरलेले ४८.६ साठ मिनिटांत. कॅज्युअल्टीत आडव्या रुग्णाला तोलण्याचा काटा नसतो, म्हणून नातेवाइकाला वजन विचारतात, आणि तो अंदाजाने एक आकडा ठोकून देतो. दहा किलो चुकले की डोस नऊ मिलिग्रॅमने चुकतो. वजनकाटा असलेली एक ट्रॉली विकत घ्या. विरघळवताना कुपी जोरात हलवून फेस आणायचा नाही, हलक्या हाताने फिरवायची. पिशवी रिकामी झाली म्हणजे डोस संपला असे नाही. नळीत काही मिलिलिटर औषध उरते, ते त्याच गतीने सलाइन चालवून आत पाठवावे लागते. हे न केल्यास रुग्णाला डोस कमीच पडतो आणि कागदावर पूर्ण दिसतो.

त्याऐवजी टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे दुसरे औषध वापरत असाल तर जास्त सावध राहावे लागेल. हेच औषध हृदयविकारातही देतात. साठ किलोच्या रुग्णाला हृदयासाठी ३५ मिलिग्रॅम आणि स्ट्रोकसाठी, किलोमागे ०.२५ धरून, १५ मिलिग्रॅम. स्ट्रोकमध्ये कमाल मर्यादा २५ आहे. दोन्हींच्या कुप्या एकाच कपाटात आणि डोसचा तक्ता फक्त हृदयाचा लावलेला, ही मांडणी आजच बदला. शिवाय हे औषध डेक्स्ट्रोजच्या लाइनमध्ये साकळते. आधी आणि नंतर सलाइनने लाइन धुवावी लागते. म्हणजे डीएनएसची ती बाटली इथेही आडवी येतेच.

इंजेक्शननंतरचे २४ तास म्हणजे पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने आणि उरलेले सोळा तास दर तासाने रक्तदाब आणि मेंदूची तपासणी. बेरीज ३६. रक्तदाब १८०/१०५ च्या खाली राहायला हवा. अचानक डोकेदुखी, उलटी, वाढता रक्तदाब किंवा हाताची ताकद आणखी कमी होणे, यांपैकी काही दिसले की औषध चालू असल्यास ते तिथेच बंद, डॉक्टरांना हाक आणि सीटी. जीभ किंवा ओठ सुजतात का तेही बघायचे. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका जास्त. नंतरचा सीटी होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हेपारिन यांसारखे रक्त पातळ करणारे काही नाही, आणि लघवीची किंवा नाकातली नळी टाळता येत असेल तर टाळायची, कारण टोचेल तिथे रक्त येते.

रात्रपाळीला जिच्याकडे तीस खाटा आहेत ती सिस्टर हे ३६ वेळा करू शकत नाही. ती तक्ता भरू शकते. या दोन्हींतला फरक आपण सगळे जाणतो, म्हणून तक्ता पूर्ण आहे या आधारावर काळजी पूर्ण झाली असे धरू नका. पहिले दोन तास एका रुग्णामागे एक सिस्टर, नंतर २४ तासांपर्यंत दोघांमागे एक. वॉर्डाच्या एका कोपऱ्यात, नर्सिंग स्टेशनच्या समोर, चार खाटा आणि मॉनिटर एकत्र ठेवले तर हे मनुष्यबळ विखुरत नाही.

मेंदूची तपासणी म्हणून आपल्याकडे ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्धी मोजणारी पट्टी, लिहितात. स्ट्रोकला ती पुरत नाही. एक हात पूर्ण लुळा असलेला माणूस शुद्धीत असतो, बोलतो आणि पंधरापैकी पंधरा गुण मिळवतो. स्ट्रोकची तीव्रता मोजणारी एनआयएचएसएस ही ० ते ४२ गुणांची पट्टी परिचारिकांना शिकवा. चार गुणांची वाढ म्हणजे लगेच डॉक्टरांना फोन. तिच्यातली वाक्ये आणि चित्रे इंग्रजी आहेत. मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू पत्रके तयार करून ठेवली नाहीत तर वाचाघात झालेल्याला (स्ट्रोकने भाषा गेलेल्याला) आणि भाषा न समजलेल्याला सारखेच गुण मिळतील.

रक्तदाबाच्या बाबतीत वॉर्डात फार गोंधळ आहे. गुठळीचा स्ट्रोक, इंजेक्शन दिलेले नाही, तर २२०/१२० पर्यंत पहिला दिवस साधारणपणे हात लावायचा नसतो. इंजेक्शन द्यायचे असेल तर आधी १८५/११० च्या खाली आणावा लागतो. रक्तस्राव असेल तर सिस्टोलिक, म्हणजे वरचा आकडा, १४० च्या आसपास आणायचा, तोही लवकर. आकडा तोच, पण वागणूक तीन प्रकारची. दोनशे बघून नातेवाईक घाबरतात, सिस्टरवर ओरडतात, आणि कुणीतरी जिभेखाली निफेडिपिन हे रक्तदाब उतरवणारे औषध फोडतो. दाब धाडकन पडतो आणि काठावरचा मेंदू तेवढ्यात जातो. उपाय साधा आहे : कोणता स्ट्रोक आणि कोणते लक्ष्य हे डॉक्टरांनी भरतीच्या वेळीच खाटेच्या कार्डावर दोन ओळींत लिहावे.

खांद्याबद्दल थोडे. लुळ्या हाताचा खांदा स्नायूंनी धरलेला नसतो. ट्रॉलीवरून खाटेवर घेताना काखेत हात घालून उचलले किंवा हात धरून ओढले की तो सरकतो, आणि पुढे सहा महिने व्यायामच होत नाही कारण हात उचलला की दुखतो. वॉर्डबॉय, मावशी आणि नातेवाईक या तिघांनाही शिकवायचे : कमरेला धरा, चादरीने सरकवा, बसवल्यावर हाताखाली उशी द्या. कूस दर दोन तासांनी.

उठवून बसवण्याची घाई आणि आळस दोन्ही वाईट. ‘अ‍ॅव्हर्ट’ या मोठ्या चाचणीत, २०१५ साली, पहिल्या २४ तासांत खूप लवकर आणि जास्त वेळ उभे करून चालवलेल्या रुग्णांचे परिणाम नेहमीच्या काळजीपेक्षा वाईट आले. म्हणून पहिल्या दिवसानंतर, थोडा थोडा वेळ, दिवसातून अनेकदा. फिजिओथेरपिस्ट दिवसातून एकदा येतात. बाकीचे बसवणे-उठवणे सिस्टरच्या हातूनच होते. तेलाने रगडून काढण्याला आमची हरकत एवढीच, की तो अर्धा तास रुग्णाला स्वतः हात हलवायला लावण्यात गेला असता.

पायात गुठळी होऊ नये म्हणून लांब मोजे आणायला सांगण्याची रीत बंद करा. २००९ च्या ‘क्लॉट्स’ चाचणीत त्यांचा उपयोग दिसला नाही, उलट कातडी फाटली. हवा भरणाऱ्या पायपट्ट्यांचा उपयोग २०१३ मध्ये दिसला. नातेवाईक मोज्यांवर जेवढा खर्च करतात, त्यात काही महिन्यांत वॉर्डाचे यंत्र आले असते.

लघवीची नळी घातलेली तारीख चिकटपट्टीवर लिहा आणि रोज सकाळी विचारा, आज ती का हवी आहे. काढल्यावर दर दोन-तीन तासांनी भांडे द्यायचे. मनुष्यबळ कमी म्हणून नळी राहते, नळी राहिली म्हणून जंतुसंसर्ग होतो आणि त्या रुग्णाला आणखी मनुष्यबळ लागते.

आता घराकडे. या शहरात डिस्चार्ज म्हणजे बऱ्याचदा कागद, पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि टॅक्सी. घरच्यांना शिकवले की झाले, असे कुणी म्हणेल. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ ही चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ चे. कुटुंबाला पुनर्वसनाचे शिक्षण देऊन घरी पाठवले. सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के. कुटुंबाला शिकवणे चुकीचे आहे असा याचा अर्थ आम्ही घेत नाही. पण पुनर्वसनाचा सगळा भार घरच्या बाईवर टाकून यंत्रणेने हात झटकता येत नाहीत, एवढे त्यातून कळते.

डिस्चार्जच्या दोन दिवस आधी सिस्टरने विचारायचे प्रश्न मुंबईचे आहेत. कितवा मजला, लिफ्ट आहे का आणि ती चालते का? संडास घरात आहे की चाळीच्या टोकाला, आणि तिथपर्यंत किती पायऱ्या? भारतीय पद्धतीचा आहे का? नळाला पाणी किती वाजता येते? सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरी कोण असते? २२५ चौरस फुटांच्या खोलीत पाच माणसे राहत असतील तर रुग्ण खाली गादीवर झोपतो, आणि जमिनीवरून उठणे हे अर्धांगवायूत सर्वांत कठीण. पाय जमिनीला टेकतील इतक्या उंचीची खाट, निरोगी बाजू मोकळी. भोक पाडलेली खुर्ची आणि खाली बादली. प्लॅस्टिकचे स्टूल वापरायचे तर चारही पायांना रबर, नाहीतर लादीवर घसरते. ही उत्तरे मिळाल्यावर वॉर्डातल्या शेवटच्या दोन दिवसांत काय शिकवायचे ते ठरते. सरळ पॅसेजमध्ये वीस पावले चालवून ‘चालतो’ असे लिहिणे तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या उपयोगाचे नाही. त्याला जिना चढवून बघा, निरोगी पाय आधी वर, उतरताना दुबळा पाय आधी खाली.

गोळ्यांच्या कागदावर बंद करण्याची तारीख लिहा. सौम्य स्ट्रोकमध्ये अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र साधारण २१ दिवस देतात, मग एकच. तारीख लिहिलेली नसते, केमिस्ट तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा भरून देतो आणि दोन्ही गोळ्या वर्षभर चालतात. मग पोटात रक्तस्राव. उलट, कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन, मात्र ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आले’ म्हणून महिन्याभरात बंद होते आणि रक्तदाबाची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून. या दोन्ही गोळ्या बरे वाटण्यासाठी नसतात, पुढचा झटका टळावा म्हणून असतात, हे तोंडी सांगून पुरत नाही. फोन करावा लागतो.

म्हणून प्रत्येक मोठ्या रुग्णालयात एक स्ट्रोक समन्वयक परिचारिका हवी, तिच्याकडे रुग्णालयाचा फोन हवा. तिसऱ्या दिवशी पहिला फोन, दहाव्या दिवशी भेट किंवा व्हिडिओ कॉल, मग तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी. विचारायचे ठरलेले : गोळ्या कोणत्या चालू आहेत, पाकिटे दाखवा, रक्तदाब किती, लक्ष्य १३०/८० च्या खाली, गिळताना ठसका, पाठीवर किंवा टाचेवर लाल डाग, पडणे, आणि गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न राहते का, कशातच रस वाटत नाही का. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येते, आणि घरचे त्याला आळस म्हणतात, ‘व्यायाम करत नाही’ म्हणून रागावतात. रक्तदाब मोजायला रुग्णाला रिक्षा करून मोठ्या रुग्णालयात बोलावू नका. जवळचे आरोग्य केंद्र आणि आपला दवाखाना कशासाठी आहेत? समन्वयक परिचारिकेने वॉर्डातूनच त्या केंद्राच्या सिस्टरला नाव-पत्ता कळवावा, आणि वस्तीतल्या आरोग्यसेविकेला पाच प्रश्नांचे कार्ड द्यावे.

दाराशीच एक गोष्ट राहून जाते. १०८ च्या गाडीतून येणाऱ्याचा ‘शेवटचा नीट होता’ तो क्षण कुणी लिहून घेत नाही. लिहितात ती त्रास लक्षात आल्याची वेळ. झोपेतून लुळा उठलेल्याच्या बाबतीत ती निरुपयोगी असते. रात्री शेवटचे बोलणे कुणाशी झाले, व्हॉट्सअ‍ॅपवर शेवटचा मेसेज किती वाजता गेला, पहाटे पाणी भरायला कोण उठले होते, असे विचारले की वेळ सापडते. हे ट्राएजच्या, म्हणजे दाराशी रुग्णांची पहिली छाननी करणाऱ्या, सिस्टरचे काम आहे आणि त्याला दीड मिनिट लागते.

या सगळ्याची माती होते ती बदल्यांनी. सहा महिने घालून एखादी सिस्टर तयार होते आणि पुढच्या रोटेशनला तिला प्रसूती विभागात पाठवतात. तिच्या जागी आलेली सलाइन कोणते ते विचारण्यापासून सुरुवात करते. स्ट्रोकच्या खाटांवरच्या परिचारिकांना किमान दोन वर्षे हलवू नका. अधिसेविकांनी मनावर घेतले तर याला पैसाही लागत नाही.

कायद्याची भीती दाखवली जाईल. स्थायी आदेशावर मेडिसिन किंवा न्यूरॉलॉजी विभागप्रमुखांची सही असते, औषध, मात्रा, मार्ग आणि थांबण्याची अट त्यात लिहिलेली असते. परिचारिका स्वतःच्या मनाने काही लिहून देत नाही. अतिदक्षता विभागात इन्सुलिनचे तक्ते याच पद्धतीने चालतात.

सुरुवात एका वॉर्डातून करा. महिन्याला चार आकडे पुरतील : तोंडाने काहीही देण्याआधी गिळण्याची चाचणी झालेले रुग्ण, ३७.५ भरल्यापासून तासाभरात पॅरासिटामॉल मिळालेले, भरतीनंतर सात दिवसांत न्यूमोनिया झालेले आणि तिसऱ्या दिवशी फोन गेलेले. आदेशाचा आणि या तक्त्याचा मसुदा, प्रत्येकी एक पान, आमच्याकडे तयार आहे. त्यावर विभागप्रमुख आणि अधिसेविका, दोघांच्याही सहीची जागा ठेवली आहे. कोणत्या वॉर्डात आणून द्यायचा ते कळवावे.

आपल्या,
मुंबईत स्ट्रोकच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या परिचारिका